रंग भिंतीला धरतो कशाने?

ठाण्याहून बेलापूरकडे निघाले म्हणजे डाव्या हाताला पारसिकच्या डोंगरांची रांग लागते, उजव्या हाताला खाडी राहते, आणि मधल्या सपाटीवर खाडीच्या अंगाला घणसोली गाव आहे. ह्या डोंगराचा काळा कातळ आणि दूर अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली गेली तो कातळ, हे दोन्ही एकाच कुळातले होत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हारस पसरला, त्याचे हे थर आहेत. घणसोलीचा एखादा श्रोता विचारील, चित्रकलेच्या गोष्टीत दगडाचे काय काम? काम आहे, कारण अजिंठ्याच्या चित्रकाराची रंगपेटी बहुतांशी ह्याच कातळाच्या व मातीच्या पोटात होती.

तांबडा रंग गेरूचा आणि पिवळा कावेचा. दोहोंचे मूळ लोखंडच. पिवळी काव नीट भाजली तर ती तांबडी होते. कातळाच्या पोकळ्यांत कोठे कोठे एक मऊ हिरवी माती साठलेली असते, तिने हिरवा रंग दिला. पांढऱ्यासाठी चुना व पांढरी माती, काळ्यासाठी दिव्याची काजळी. एक निळा मात्र परदेशी. तो राजावर्ताचा, म्हणजे अफगाणिस्तानातील बदक्शानच्या खाणींतून आलेल्या दगडाचा. सातवाहनकाळच्या नवव्या व दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुन्या चित्रांत तो दिसत नाही. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी जी लेणी सजली, त्यांत तो दिसतो. व्यापारी तांडे घाट चढून कोणता माल आणीत होते, ह्याची साक्ष असा एखादा निळा ठिपकाही देतो.

परंतु नुसती पूड म्हणजे रंग नव्हे. गेरू पाण्यात कालवून भिंतीला लावावा, वाळला की तो बोटाला येतो. पुडीचा कण कणाशी आणि सर्व कण भिंतीशी जोडणारे काहीतरी चिकट द्रव्य लागते. चित्राचे आयुष्य, माझ्या मते, रंगापेक्षा ह्या द्रव्यावर अधिक अवलंबून असते; आणि नेमके तेच डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही.

जुन्यांनी मात्र केली होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावाचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख त्यात आहे म्हणून तो आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यातले चित्रप्रकरण त्या मानाने कमी वाचले जाते. तेथे वज्रलेपाची कृती दिलेली आहे. म्हशीचे कातडे पाण्यात घालून लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवावे, त्याच्या कांड्या करून वाळवाव्या, आणि हव्या तेव्हा गरम पाण्यात विरघळवून रंगात मिसळाव्या. आपले सुतार जो सरस वापरीत, त्याचाच हा थोरला भाऊ. रंग म्हणून तेथे शंखाचे चूर्ण, हिंगूळ, लाखेचा रस, हरताळ आणि काजळ सांगितले आहेत.

अजिंठ्याची चित्रे इटलीतल्याप्रमाणे ओल्या चुन्यावर काढलेली असावीत, असे काही युरोपीय जाणकारांस वाटे. त्या पद्धतीला फ्रेस्को म्हणतात. तीत चुनाच रंगाला धरतो, निराळा सरस लागत नाही. मद्रासच्या संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन् ह्यांनी 1930 नंतरच्या दशकात भिंतीचे नमुने तपासले, आणि ही चित्रे कोरड्या पृष्ठभागावर सरसात कालवलेल्या रंगांनी काढली आहेत, असा निर्णय दिला. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. सरसाचा रंग पाण्याने सुटतो; म्हणून भिंत कशी पुसावी, तिच्यावर काय लावावे, हे सारे ह्या उत्तरावरच ठरते.

दुर्दैवाने उत्तर येण्यापूर्वीच उपाय झाले. 1819 साली ही लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. 1844 पासून रॉबर्ट गिल ह्याने वर्षानुवर्षे तेथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक 1866 साली लंडनजवळ सिडनहॅम येथे जळाल्या. पुढे 1872 ते 1885 ह्या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळ 1885 च्या लंडनमधील आगीत गेल्या. नकला जळाल्या हे दुःख आहेच. पण नकलेसाठी रंग उठावदार दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर रोगण चढविण्यात आले, ती हानी मला अधिक मोठी वाटते. नंतर 1920 च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी ह्या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलाविले. त्यांनी सुटू लागलेले पापुद्रे बसविले, आणि हे उपकार विसरता येत नाहीत. परंतु त्यांनीही लाखेचे रोगण वापरले. ते काळाने पिवळे, तपकिरी पडले. पिवळ्या काचेतून निळे पाहिले तर ते हिरवट दिसते, पांढरे मळकट दिसते. अजिंठ्याच्या चित्रांचे तसेच झाले. ते रोगण चित्राला न दुखवता उतरविण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांची पुढे अनेक वर्षे गेली.

इकडे 1841 साली जॉन रँड ह्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची नळी काढली आणि तयार रंग बाजारात विकत मिळू लागला. सोय झाली, मात्र आत काय कालवले आहे, हे चित्रकाराने विचारण्याचे कारण उरले नाही. आपल्या ठाणे-पालघरकडील वारली घरांत ते ज्ञान अंगवळणी राहिले: गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ, पाणी आणि थोडा डिंक.

ज्यांना स्वतः करून पाहावयाचे असेल त्यांनी बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, असे रात्रभर भिजवून फडक्याने गाळावे आणि त्यात मधाचे दोनचार थेंब घालावेत. त्याने रंग तडकत नाही. गेरू आधी पाण्यात, मग ह्या डिंकाच्या पाण्यात, दगडावर खरखर थांबेपर्यंत घोटावा. कागदावर पट्टा ओढून वाळू द्यावा. बोटाला रंग आला तर डिंक कमी. पट्टा चकाकून भेगाळला तर डिंक जास्त. हरताळात सोमल असतो आणि हिंगुळात पारा, तेव्हा सोमेश्वराची ती दोन द्रव्ये घरच्या पाट्यावर आणू नयेत. पिवळ्याला काव आणि तांबड्याला गेरू पुरतो.