पाण्याने गारवा देणाऱ्या यंत्राची कुळकथा

पाणी उकळायचे तर ते तापवलेच पाहिजे असे नाही. त्यावरील दाब पुरेसा उतरवला की ते गार असतानाच उकळते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता, म्हणजेच अप्रकट उष्मा, स्वतःतून व भोवतालातून ओढून घेते. मात्र ही वाफ तिथेच साचली तर दाब पुन्हा चढतो आणि उकळणे थांबते. एडिंबरा येथे जॉन लेस्ली यांनी १८१० साली निर्वात पंपाच्या काचपात्रात पाण्याच्या भांड्याजवळ तीव्र सल्फ्युरिक आम्ल ठेवले, आम्ल वाफ सतत शोषत राहिले आणि पाणी उकळता उकळता गोठले. पुढे एदमाँ कारे यांनी याच तत्त्वावर हातपंपाचे यंत्र बनवले व ते पॅरिसच्या कॅफेंत पाण्याच्या सुरया गोठवू लागले. त्यांचे बंधू फेर्दिनाँ यांनी मात्र १८५९ मध्ये अमोनियाला शीतक, म्हणजे गारवा निर्माण करणारा द्रव, केले आणि पाण्याकडे शोषकाचे काम दिले.

पाण्याची खरी अडचण त्याच्या वाफेच्या आकारमानात होती. ५ अंश सेल्सिअसला एक किलो वाफ सुमारे १४७ घनमीटर जागा व्यापते, आणि एवढी विरळ वाफ दाबून घेणारा कॉम्प्रेसर अवाढव्य होईल. शोषणाच्या रीतीत मात्र वाफ द्रावणात विरते आणि पंपाला केवळ द्रव चढवावा लागतो. त्यामुळे या यंत्राचा इतिहास मुख्यतः योग्य शोषकाच्या शोधाचा इतिहास आहे. आम्ल धातू खात असे. १९४०च्या दशकात अमेरिकेतील कॅरिअर कंपनीने मोठ्या यंत्रांत त्याच्याऐवजी लिथियम ब्रोमाइड वापरले. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते तशीच, पण कितीतरी तीव्र ओढ या क्षाराला पाण्याची असते, आणि वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने तापवले की तो शोषलेले पाणी सोडून पुन्हा कामाला तयार होतो.

म्हणूनच कारखान्यातील वाया जाणाऱ्या उष्णतेवर ही यंत्रे चालतात, आणि पुण्याची थरमॅक्स कंपनी ती बनवते. त्यांची मर्यादाही पाण्याचीच: शून्य अंशाला शीतकच गोठत असल्याने वातानुकूलनाला लागणारे सुमारे ७ अंशांचे पाणी ती सहज देतात, पण बर्फ करू शकत नाहीत. द्रावण अति तीव्र झाले तर क्षाराचे स्फटिक नळ्या तुंबवतात, आणि हवा आत शिरली तर दाब चढून गारवा घटतो व लोखंडही गंजते; त्यामुळे आतील निर्वात टिकवणे हेच या यंत्राच्या देखभालीतील मुख्य काम ठरले आहे.