नित्य एक गोळी : एका नियमाचा इतिहास



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात यकृताविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु संततिनियमनाच्या विषयाला मराठीत निर्भयपणे वाचा फोडणारे रघुनाथ धोंडो कर्वे हेही पेशाने गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७च्या जुलैत सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी अखेरपर्यंत चालविले. १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांच्या काळातील साधने बहुधा अडथळ्याच्या तत्त्वावरची होती. तोंडाने घ्यावयाची गोळी त्यांच्या वाट्याला आली नाही. का आली नाही, याचे उत्तर मनुष्याच्या यकृतात आहे.

गर्भधारणा टिकविणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक १९३४ साली शुद्ध स्वरूपात हाती आले. ते टोचल्यास परिणाम होई. गिळल्यास जवळजवळ वाया जाई. आतड्यातून शोषलेला पदार्थ सर्व शरीरात पसरण्यापूर्वी प्रथम यकृतात जातो, आणि यकृत हा मोठा दक्ष जकातदार आहे. नैसर्गिक संप्रेरक त्याच्या ओळखीचे असल्याने तो ते नाक्यावरच मोडून टाकतो. १९३८ साली बर्लिनमधील रसायनज्ञांनी स्त्री-संप्रेरकाच्या रेणूला सतराव्या कार्बनाजवळ दोन कार्बनांचा एक लहानसा तुकडा जोडला. या इथिनिल एस्ट्रॅडिऑलला मोडणे यकृताला अवघड जाऊ लागले. नाव उच्चारावयास कठीण आहे खरे, पण आजही बहुसंख्य गोळ्यांत तेच असते. पुढे मेक्सिकोतील रानकंदापासून संप्रेरके बनविण्याची युक्ती रसेल मार्करने शोधली. त्याच देशात १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनज्ञाने, कार्ल जेरासी व जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या मार्गदर्शनाखाली, पोटातून घेता येईल असे नोरएथिस्टेरॉन तयार केले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे निवर्तले. अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली ती १९६० साली.

त्या पहिल्या गोळीत मेस्ट्रॅनॉल नावाचे द्रव्य १५० मायक्रोग्रॅम होते. गंमत अशी की ते स्वतः निष्क्रिय. यकृतच त्याचे इथिनिल एस्ट्रॅडिऑल करते. म्हणजे ज्या जकातदाराला चुकवावयाचे त्याच्याच हातून माल तयार करून घ्यावयाचा! मात्रा मोठी असल्याने रक्ताच्या गुठळ्यांचे धोके दिसले आणि १९६९ साली ब्रिटनमध्ये ५० मायक्रोग्रॅमच्या वर न जाण्याचा सल्ला देण्यात आला. आपल्या ‘माला-डी’त हे प्रमाण ३० मायक्रोग्रॅम आहे, जोडीला ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल.

यांपैकी लेव्होनॉरजेस्ट्रेल जवळजवळ सगळे रक्तात पोहोचते. इथिनिल एस्ट्रॅडिऑलचा निम्म्याहून कमी भाग वाचतो. मग यकृतातील विकरे दोहोंत बदल घडवितात, त्यांना पाण्यात विरघळतील अशी रूपे देतात, आणि ती मूत्रावाटे व पित्तावाटे बाहेर पडतात. पित्तातून आतड्यात उतरलेल्यांपैकी काही अंश तेथील जीवाणू पुन्हा मोकळा करतात व तो परत शोषला जातो. रक्तातील मात्रा निम्मी होण्यास साधारण एक दिवस लागतो. ‘रोज, ठरल्या वेळी’ हा नियम आला तो येथून. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती न घेतल्यासारखीच, हेही त्यातूनच येते. एकवीस गोळ्यांनंतर पाकिटात लोहाच्या सात गोळ्या असतात. त्या सवय मोडू नये म्हणूनही असतात, कारण त्या सात दिवसांनंतर नवे पाकीट उशिरा सुरू करणे हीच सर्वांत धोक्याची चूक.

यापुढील गोष्ट मला या ठिकाणी विशेष सांगावयाची आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील डॉक्टरांच्या ध्यानात आले की क्षयासाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्या स्त्रियांना गोळ्या चालू असूनही मध्येच रक्तस्राव होतो. काहींना गर्भही राहिला. रिफॅम्पिसिनमुळे यकृतातील विकरे वाढतात आणि संप्रेरकांचा निचरा वेगाने होतो. गोळी बिनचूक घेतली तरी ती पुरत नाही. नवागाम, लिंबायत, उधना येथे यंत्रमागाच्या आश्रयाने खानदेशातून आलेली आपली किती कुटुंबे आहेत! क्षय हे नाव त्यांना नवे नाही. आजच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात रिफॅम्पिसिन अखेरपर्यंत असते. अशा काळात, आणि औषध थांबल्यावरही चार आठवडे, केवळ गोळीवर विसंबता येत नाही. तांबी किंवा निरोध हे उपाय डॉक्टरांना विचारून घ्यावे लागतात. हे जिला कोणी सांगितले नाही, तिला दिवस गेल्यास घरात दोष मात्र तिच्या विसराळूपणाला दिला जातो. ‘नियमित घ्या’ एवढीच आज्ञा आपण मराठीत आणली. तिचे कारण आणले नाही. कर्व्यांनी कारण सांगितल्याशिवाय सोडले नसते, असे मला वाटते.

रोजच्या या बंधनावर एक उत्तर आपल्याच देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, डॉ. नित्य आनंद यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. ‘सेंटक्रोमन’ हे संप्रेरक नव्हे; पण गर्भाशयाच्या अस्तरावर ते काम करते. शरीरातून ते इतके सावकाश जाते की मात्रा निम्मी होण्यास सुमारे सात दिवस लागतात. १९९१ साली ते ‘सहेली’ या नावाने बाजारात आले आणि २०१६पासून ‘छाया’ या नावाने सरकारी कार्यक्रमात मिळू लागले. पहिले तीन महिने ही गोळी आठवड्यातून दोनदा घ्यावयाची, त्यानंतर आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी.