बोरघाटातील मोहिमा (१७७८–८१)

पहिल्या इंग्रज–मराठे युद्धात (१७७५–८२) पुणे दरबारास नमविण्यासाठी इंग्रजांनी बोरघाटमार्गे केलेल्या दोन अयशस्वी मोहिमा. पनवेलहून निघून खालापूर व खोपोलीवरून (विद्यमान रायगड जिल्हा) घाटमाथ्यावरील खंडाळ्यास जाणारा हा मार्ग काही अंतर पाताळगंगेच्या खोऱ्यातून जातो. रसायनी ही औद्योगिक वसाहतही याच खोऱ्यात आहे.

पेशवा नारायणरावाच्या खुनानंतर (१७७३) दरबारात दोन तट पडले. बारभाईंनी सवाई माधवरावाचा पक्ष घेतला, तर रघुनाथरावाने इंग्रजांचा आश्रय केला. पुढे बारभाईंतही फूट पडली. मोरोबा फडणीस, सखारामबापू बोकील व तुकोजी होळकर यांनी रघुनाथरावास पुण्यास आणण्याचा घाट घातला. त्यातच १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन हा फ्रेंच वकील पुण्यास आल्याने इंग्रज साशंक झाले होते. तथापि नाना फडणीसाने महादजी शिंद्यांच्या साहाय्याने तुकोजीस वळविले व जुलै १७७८ मध्ये मोरोबास कैद केले.

ज्या फुटीवर इंग्रजांची भिस्त होती, ती अशा रीतीने मोहिमेपूर्वीच मिटली होती. तरीही नोव्हेंबरमध्ये सु. ३,९०० सैन्य रघुनाथरावासह निघाले. घाट चढण्यास त्यास फारसा विरोध झाला नाही. परंतु एकही मोठा मराठा सरदार त्यास येऊन मिळाला नाही. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट (इष्टुर फाकडा) ४ जानेवारी १७७९ रोजी ठार झाला. तळेगावाहून माघार घेणारे सैन्य वडगाव येथे कोंडले जाऊन इंग्रजांना मानहानिकारक तह करावा लागला. त्यानंतर सखारामबापूही कैदेत पडला व १७८१ मध्ये रायगडावर मरण पावला.

फेब्रुवारी १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने बोरघाट जिंकला आणि खोपोलीस तळ देऊन वाटाघाटी आरंभिल्या. नानाने त्या फेटाळल्या. परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांनी त्याची पनवेलकडून येणारी रसद तोडली. एप्रिलमध्ये पनवेलपर्यंत माघार घेताना त्याची मोठी हानी झाली. तीन वर्षांपूर्वी विरुद्ध गटात असलेला तुकोजी या वेळी दरबाराच्या बाजूने लढला, ही गोष्ट लक्षणीय होय. पुढील वर्षी सालबाईच्या तहाने युद्ध संपले. मात्र साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

दोन्ही वेळी घाटाच्या दुर्गमतेइतकाच सरदारांचा एकोपा निर्णायक ठरला. नानाच्या मृत्यूनंतर (१८००) शिंदे–होळकर वैर विकोपास गेले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने पुण्याजवळ विजय मिळविताच रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव याने वसईस तह करून इंग्रजांचे संरक्षण पत्करले. पित्यास जी गादी इंग्रजी सैन्य मिळवून देऊ शकले नव्हते, तीवर पुत्रास त्यांनी मे १८०३ मध्ये पुन्हा बसविले. परंतु तिचे स्वातंत्र्य तत्पूर्वीच संपले होते.