हात भीमाचा, सूड सैरंध्रीचा

अत्याचारी पुरुषावर उलटणाऱ्या स्त्रीची कथा ही मराठीत अलीकडची, किंबहुना बाहेरून आलेली गोष्ट आहे, असा एक समज समीक्षेत रूढ आहे. तो अर्धवट खरा आहे. सूडाची कथा जुनीच आहे. नवी आहे ती त्या सूडासाठी उगारलेल्या हाताची मालकी. हा हात मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर कुणाचा होता, या प्रश्नाचा माग घेताना कोल्हापूरचा 1920 सालचा एक मूकपट ओलांडून जाता येत नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा तो मूकपट होय.

कथाबीज विराटपर्वातले आहे. कीचक सैरंध्रीच्या मागे लागतो आणि भर राजसभेत तिला लाथ मारतो. सभेत युधिष्ठिर उपस्थित आहे, भीमही आहे. भीम उसळतो तेव्हा युधिष्ठिर आपल्या अंगठ्याने त्याचा अंगठा दाबून त्याला आवरतो. नंतर तो द्रौपदीला जे सुनावतो ते फारसे उद्धृत होत नाही: नटीसारखी रडतेस, द्यूतात विघ्न आणतेस, असा त्याचा आशय आहे. यापुढचा पुढाकार द्रौपदीचा आहे. रात्री पाकशाळेत जाऊन ती भीमाला जागे करते, नृत्यशाळेतील संकेत ठरवते, कीचकाला तेथे आणते; आणि वधानंतर रक्षकांना हाक मारून ते प्रेत दाखवणारीही तीच. अंधारात भीमाने वापरले ते केवळ बळ. तरीही परंपरेने या प्रसंगाला नाव दिले ते ‘कीचकवध’, म्हणजे मारल्या गेलेल्याचे. मारविणारी त्या नावात नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली हे आख्यान रंगभूमीवर आणले तेव्हा त्याला दुसरा अर्थ चिकटला. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे पीडित भूमी, युधिष्ठिर नेमस्त आणि भीम जहाल, हे समीकरण प्रेक्षकांनी विनासायास ओळखले. सरकारनेही ओळखले आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. रूपक म्हणून ही रचना अत्यंत परिणामकारक होती, यात शंका नाही. परंतु तिची एक किंमत होती, आणि ती मोजली द्रौपदीने. तिचा अपमान देशाचा अपमान ठरताच तो तिचा राहिला नाही. तिच्या क्रोधाचा प्रवाह नेमस्त-जहाल या पुरुषांच्या वादात वळवला गेला. राष्ट्रवादी वाङ्मयाच्या अभ्यासात या नाटकाच्या बंदीविषयी जितके लिहिले गेले, त्या मानाने या हस्तांतरणाविषयी फारच थोडे.

‘सैरंध्री’ या पार्श्वभूमीवर आला. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेचा आसमंत हा तालमींचा. शाहू छत्रपतींनी उभारलेले खासबागेचे कुस्तीमैदान आणि त्यालगतचे पॅलेस थिएटर (पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, जे 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत सापडले) यांमुळे मल्लविद्या आणि नाट्य येथे शब्दशः शेजारी नांदत होती. ज्या गावाला शरीराच्या बळाचे इतके कौतुक, त्या गावाने पडद्यावर प्रथम भीम आणावा, हे स्वाभाविकच. बाळासाहेब यादव भीम झाले, झुंझारराव पवार कीचक. पुण्यात 7 फेब्रुवारी 1920 रोजी चित्रपट झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. वधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षागृहातील स्त्रिया मूर्च्छित झाल्या, अशी आठवण सांगितली जाते. ते दृश्य पुढे कापावे लागले. सत्तेला खटकला तो वध. सभेतल्या लाथेची तक्रार कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. म्हणून संहितेपेक्षा तिच्या निर्मितीच्या परिस्थितीकडे पाहणे भाग पडते, आणि तेथेच खरे नाट्य आहे. कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेच्या आर्थिक आधारावर. पडद्यावर स्त्रियाच आणण्याचा बाबूरावांनी आग्रह धरला. गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढे आल्या. त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी बदलण्यात आली. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्या स्टुडिओच्या आवारातच राहू-जेवू लागल्या. युधिष्ठिराने द्रौपदीला ‘नटी’ म्हणून हिणवले होते; येथे नटी होणे हाच गुन्हा ठरला आणि शिक्षाही झाली. तिच्यासाठी कुणी भीम आला नाही. कीचक पडद्यावर मारला गेला, हा न्याय. आणि सैरंध्री साकारणारी मंडळी वस्तीबाहेर, हाही त्याच गावाचा न्याय.

याच कंपनीत व्ही. शांताराम घडले. 1929 मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन करणारे दामले, फत्तेलाल आणि धायबरही येथलेच. प्रभात पुण्याला गेल्यानंतरचे शांतारामांचे दोन चित्रपट या दृष्टीने एकत्र वाचावयास हवेत. ‘अमरज्योती’ (1936) मधील सौदामिनीला कायदा तिचे मूल देत नाही. ती समुद्रावर चाच्यांची नायिका होऊन राज्यसत्तेशीच वैर धरते आणि दुर्जयाला बंदी करते. दुर्गा खोटे यांनी उभी केलेली ही स्त्री कुणाही भीमाची वाट पाहत नाही. मात्र हे सारे घडते काल्पनिक राज्यात, समुद्रावर आणि हिंदीत. मराठी घराच्या उंबऱ्याच्या आत हात उगारला तो ‘कुंकू’ (1937) मधील नीराने. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील या चित्रपटात म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणारी नीरा, अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला छडीने झोडपते. फटका खरा आहे, तिचाच आहे. पण तो पडतो मुलावर. मुख्य अपराधी, तिचा नवरा, याचा निवाडा पटकथा तिच्या हाती देत नाही. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो आणि ते आत्महत्या करतात. शिक्षा अपराध्यानेच स्वतःला करून घ्यावी, म्हणजे बाईचा हात निर्मळ राहतो, ही मध्यमवर्गीय सोय येथे स्पष्ट दिसते. हा शांतारामांचा दोष म्हणण्यापेक्षा त्या काळच्या प्रेक्षकाच्या सहनशक्तीची मर्यादा म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

ती मर्यादा मोडली विजय तेंडुलकरांनी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मध्ये सभा पुन्हा भरते आणि बेणारे बोलते खरी, पण तिचे बोलणे त्या सभेला ऐकू जात नाही. ‘सखाराम बाइंडर’ (1972) मधील चंपा बोलत बसत नाही. आपला दारुडा नवरा, फौजदार शिंदे, समोर येताच ती त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवते. या मारहाणीत रूपक नाही, देश नाही, लाजही नाही. परिनिरीक्षण मंडळाने नाटकात काटछाट सुचवली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. 1910, 1920, 1972: तिन्ही वेळा कात्री उगारली गेली, परंतु बाईच्या स्वतःच्या हाताने दिलेला मार त्या कात्रीच्या टप्प्यात प्रथमच आला होता.

पण चंपा ज्याला मारते तो आधीच ढासळलेला माणूस आहे. जो सशक्त आहे, त्या सखारामापुढे तिचा हात चालत नाही. तो तिचा गळा दाबतो. चंपाचे गुपित त्याला सांगणारी लक्ष्मीच असते. वधानंतर सखाराम सुन्न उभा राहतो आणि लक्ष्मी खड्डा खणू लागते.