बागुलबुवाची पावलं

20 फेब्रुवारी 1946. हिवाळ्यातली संध्याकाळ. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये तुम्ही कशीबशी जागा मिळवली आहे. युद्धाच्या काळात इथे डान्स हॉल चालत होता. आज पुन्हा बॅले होणार, म्हणून राजा सहावा जॉर्ज सहकुटुंब आलाय. बाहेर कापड अजून कूपनवर मिळतं, मिठाईसुद्धा. आत पडदा उघडतो आणि ‘स्लीपिंग ब्यूटी’चा थाट बघून डोळे दिपतात.

राजकन्येचं बारसं चाललंय. तेवढ्यात आमंत्रण न मिळालेली काराबोस परी आपल्या गाडीतून येऊन थडकते. ती फारशी नाचत नाही. नुसती बोटं उघडते, मिटते, मान तिरकी करते. पुढच्या रांगेतली पोरं आईला बिलगतात.

मध्यंतर होतं. नंतर राजपुत्र येतो, देखणा, ताठ. तुम्ही सहज कार्यक्रमपत्रिका चाळता आणि थबकता: दोन्ही भूमिकांपुढे एकच नाव, रॉबर्ट हेल्पमन. मार्गो फॉन्टेनने साकारलेल्या राजकन्या ऑरोराला शाप देणाराही तोच आणि जागं करणाराही तोच!

हा 1909 साली ऑस्ट्रेलियात, माउंट गॅम्बियरला जन्मलेला मुलगा. तिकडे दौऱ्यावर आलेल्या ॲना पाव्हलोव्हाच्या बॅले कंपनीबरोबर शिकला, मग लंडन गाठून निनेट द व्हॅल्वाच्या कंपनीत शिरला. खरं सांगायचं तर उड्या आणि गिरक्यांत त्याच्याहून सरस नर्तक होते. चेहऱ्याने आणि हातांनी गोष्ट सांगण्यात मात्र त्याचा हात धरणारा विरळाच. 1942 मध्ये लंडनच्या न्यू थिएटरमध्ये तो ‘हॅम्लेट’ एकही शब्द न बोलता नाचला. दोनच वर्षांनी त्याच थिएटरमध्ये शेक्सपिअरचे शब्द घेऊन पुन्हा हॅम्लेट म्हणून उभा राहिला.

आता डोळे मिटा. उघडाल तेव्हा 1967 साल असेल, आणि तुम्ही जर्मनीतल्या रोथेनबुर्गच्या दगडी गल्लीत एका भिंतीला चिकटून उभे असाल. ‘चिटी चिटी बँग बँग’ या चित्रपटाचं शूटिंग चाललंय. रंगीत कापडांनी सजलेली घोडागाडी येते. आत मुलं पळवणाऱ्याच्या भूमिकेत हेल्पमन, आता 58 वर्षांचा: काळी उंच हॅट, लांबलचक खोटं नाक. मुलांचा वास हुंगत तो चवड्यांवर लचकत येतो, मिठाईचं आमिष दाखवतो आणि कापड खाली पडताच आतला पिंजरा दिसतो. ती चाल, ती बोटं तुमच्या ओळखीची आहेत.

एकदा चित्रीकरणात त्याची गाडी उलटली. घाबरून सगळे धावले, तर हा अलगद बाहेर झेपावून पावलांवर उभा, असं नायक डिक व्हॅन डाइक पुढे सांगत असे.

1968 मध्ये हेल्पमन ‘सर’ झाला आणि त्याच वर्षी पडद्यावर अख्ख्या पिढीचा बागुलबुवाही. इयान फ्लेमिंगच्या मूळ पुस्तकात हा मुलं पळवणारा माणूस नाहीच.