कात्रजचा घाट आणि गुडघ्यातली कूर्चा

१/ फसगत झाली की मराठी माणूस म्हणतो, ‘कात्रजचा घाट दाखवला’. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला. परतताना कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच वाटेला लावले आणि महाराज सिंहगडाकडे गेले, असे लोकपरंपरा सांगते. दुरून सैन्य भासले. प्रत्यक्षात ते बैल होते.

२/ शल्यविद्येच्या इतिहासातही असा एक चकवा आहे. गुडघ्यातील इजा झालेली कूर्चा भरून आल्यासारखी दिसते, पण भरून आलेले द्रव्य मूळचे नसते. हा भास ओळखून त्यावर उपाय शोधण्याची धडपड सुमारे अडीचशे वर्षे चालली. तिच्यात कोवळ्या वयाच्या रुग्णांचा वाटा मोठा आहे.

३/ आरंभ आपल्याकडून करू. सुश्रुतसंहितेत अस्थींचे पाच प्रकार सांगितले आहेत. नाक-कानांतील लवचिक अस्थींना तेथे ‘तरुण’ अशी संज्ञा आहे. १०७ मर्मांत ‘जानु’, म्हणजे गुडघा, हे वैकल्यकर मर्म गणले आहे: तेथील आघाताने जीव जात नाही, पण माणूस लंगडा होतो.

४/ सांध्यात हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत, पांढरा थर असतो, ती सांध्याची कूर्चा. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर यांनी तिच्या रचनेवर निबंध मांडला. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, हा त्यातील निष्कर्ष आजही उद्धृत होतो. कारण साधे आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवावर चालते. जेथे रक्त पोहोचत नाही, तेथे जखम भरणार कशी?

५/ १८८७-८८ च्या सुमारास जर्मन शल्यविशारद फ्रान्झ क्योनिग यांनी सांध्यात हाडाचा तुकडा कूर्चेसह सुटा होण्याच्या विकाराला ‘ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स’ हे नाव दिले. नावात दाह आहे, पण दाह हे त्याचे कारण नव्हे, असे पुढे दिसून आले. वाढत्या वयाच्या, खेळकर मुलांत हा विकार विशेष आढळतो.

६/ गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्याही असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. १८८३ मध्ये एडिंबरा येथे थॉमस अॅनन्डेल यांनी एका खाणकामगाराची निसटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली. तरीही पुढे अनेक दशके फाटलेली गादी सरसकट काढून टाकण्याचाच प्रघात राहिला. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत झिजेच्या खुणा दाखवल्या. निरुपयोगी समजलेली गादी भार पेलत होती. बाराव्या वर्षी ती गमावणाऱ्याला उरलेले सारे आयुष्य तिच्यावाचून चालायचे असते.

७/ तोवर टोकियोत दुर्बीण सज्ज होत होती. १९१८ मध्ये केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याच्या नळीने मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून मेनिस्कसचा केवळ फाटलेला भाग काढला. रुग्ण होता बास्केटबॉल खेळताना गुडघा मुरगळलेला १७ वर्षांचा मुलगा. १९६९ मध्ये हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतूनच मेनिस्कसला टाके घातले.

८/ आता तो चकवा. १९५९ मध्ये ब्रिस्टलच्या प्रिडी यांनी उघड्या पडलेल्या हाडाला छिद्रे पाडण्याची पद्धत मांडली. हाडातले रक्त वर येते, गुठळी धरते, खड्डा भरतो. पण भरते ती तंतुमय कूर्चा, मूळच्या काचेसारख्या कूर्चेहून दुबळी. पलिते दिसले, सैन्य मात्र नव्हते.

९/ १९९४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आदींनी वेगळा मार्ग प्रसिद्ध केला: रुग्णाच्याच कूर्चापेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात सोडायच्या. रुग्ण २३, वये १४ ते ४८. मांडीच्या हाडावरील १६ पैकी १४ जणांत दोन वर्षांनी परिणाम चांगला वा उत्तम होता. वाटीच्या ७ पैकी मात्र केवळ दोघांत. एकाच गुडघ्यात जागा बदलली की निकाल बदलला.

१०/ मुलांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. हाडाची लांबी वाढवणारा थरही कूर्चेचाच असतो आणि तो गुडघ्याच्या अगदी जवळ असतो. तो दुखावला तर पाय आखूड वा वाकडा होऊ शकतो. दुसरीकडे, हाच थर जागता असताना क्योनिग यांनी नाव दिलेला विकार, तुकडा सुटलेला नसल्यास, अनेकदा खेळ थांबवून विश्रांती दिल्याने बरा होतो. म्हणून शस्त्र केव्हा उचलू नये, हे कळणेही येथे शल्यविद्येचाच भाग ठरते.

११/ अॅनन्डेल यांनी १८८३ मध्ये गादी वाचवली होती; तो विचार रुळायला जवळजवळ शतक लागले. मधल्या काळात जी कोवळी मुले गादी गमावून बसली, त्यांच्यासाठी तो विलंब आयुष्यभराचा ठरला. आज मैदानावर मुलाचा गुडघा सुजला, अडकू लागला, तर ‘वाढत्या वयात दुखतेच’ म्हणून सोडून देऊ नये, एवढे तरी या इतिहासाने आपल्याला शिकवावे.