वीज कामगारांचे प्रशिक्षण, महाराष्ट्रातील
राज्य विद्युत् मंडळाच्या स्थापनेनंतर (१९६०) विजेचे जाळे खेड्यापाड्यांत तसेच हडपसरसारख्या औद्योगिक वसाहतींत पसरले आणि कुशल तारतंत्र्यांची गरज वाढली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षणास शिकाऊ उमेदवार अधिनियमाने (१९६१) प्रत्यक्ष कामाची जोड दिली. ती अत्यावश्यकच होती. कारण प्रवाह बंद केल्यावरही एखाद्या ग्राहकाच्या जनित्रातून तारेत उलट वीज येऊ शकते. म्हणून तार तपासून व कामाच्या दोन्ही बाजूंस अर्थिंग करूनच तिला हात लावावयाचा असतो. घाईच्या वेळीही न सुटणारी ही सवय केवळ वर्गात लागत नाही. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरण कंपनीकडे आले. तेथे जोखीम तीच असली, तरी नवा उमेदवार प्रथम तीन वर्षे विद्युत् सहायक म्हणून मानधनावर राबतो व नंतर तंत्रज्ञ होतो.